डाव्या आरशाची घरघर

“दाब बटण,” कानसेन म्हणाला आणि गाडीच्या डाव्या आरशाला कान लावून त्याने डोळे मिटले.

मी गाडीत बसून बटण दाबलं. आरसा ढिम्म हलला नाही, पण त्याच्या आतली मोटार घरघरली.

“आवाज नाही,” तो म्हणाला. “वायर तुटलीय.”

“अरे, घरघरतेय की चांगली.”

“गप रे रंगाऱ्या. सकाळी सकाळी फिरकी घेऊ नकोस.”

त्याचंही बरोबर होतं. या गॅरेजात गाड्या रंगवता रंगवता त्याची फिरकी घेणं हा माझा रोजचाच धंदा. कानसेन हे नावही मीच ठेवलेलं. आरसा बिघडला की हा आधी कान लावणार. घरघर ऐकू आली तर मोटार ठीक, आतलं दातेरी चाक गेलं. आवाजच नसला तर करंट पोचत नाही, म्हणजे वायर शोधायची. टेस्टरला हात नंतर. उभ्या आयुष्यात त्याचा कान चुकला नव्हता, आणि त्याचा त्याला तोराही होता. का नसावा?

त्याने दाराचं आतलं कव्हर उतरवलं. बिजागरीपाशी वायरींवरचं रबर मागे सारलं. वायरी धडधाकट होत्या. टेस्टर लावला, तर दिवा लख्ख पेटला. करंट थेट आरशापर्यंत येत होता. त्याने टेस्टर बाजूला ठेवला आणि पुन्हा आरशाला कान लावला.

“पुन्हा दाब.”

मी दाबलं.

“खरं सांग. येतोय आवाज?”

मी बटणावरचं बोट काढलं. “येतोय,” मी म्हणालो.

“बायको म्हणते टीव्ही मोठा लावता. मला वाटायचं, कटकट करते.”

या माणसाचं सगळं घर त्या कानांवर चाललं होतं.

त्याने काच काढली. दातेरी चाक झिजून गुळगुळीत झालं होतं आणि मोटार नुसतीच फिरत होती. त्याने मोटारीच्या पाठीवर बोट टेकवलं. मी बटण दाबलं.

“हं,” तो म्हणाला. “आहे.”

नवं चाक बसवल्यावर आरसा वळू लागला, तरी त्याचं बोट तिथेच. “डावीकडे जाताना अडखळतेय जरा.” मला काहीच ऐकू आलं नाही. बोट लावून पाहिलं, तर खरंच बारीक हिसका लागत होता. ग्रीस भरल्यावर तो गेला.

संध्याकाळी गाडीच्या मालकीणबाई आल्या. मी काहीतरी सारवासारव करणार, तोच तो म्हणाला, “बाई, दाराचं कव्हर मी उगाच उघडलं. मोटार वाजत होती, मला ऐकू आलं नाही.”

“अहो, चालायचंच,” बाई म्हणाल्या. “आता चालतोय ना आरसा?”

“चालतोय.”

बाई गेल्या. घरी जायची वेळ झाली तशी मी दारातून सवयीने हाक मारली, “कानसेन, निघायचं ना?”

तो पाठमोरा उभा राहून हत्यारं पुसत होता. त्याने वळून पाहिलं नाही.

मी पुन्हा हाक मारली नाही. जवळ गेलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.