सरावापुरतं पाणी

"श्वास अडवायचा नाही. मास्क हरवला तरी चालेल, दिशा चुकली तरी चालेल, पण श्वास छातीत कोंडून वर यायचं नाही."

डायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांचं हे सांगणं वहिनीच्या कानात पक्कं बसलं होतं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना ती ते पुटपुटे, एखाद्याने नेमाने नाम घ्यावं तसं. पण कानात बसलेलं छातीत काही उतरत नव्हतं.

त्याला कारण तिचं लहानपण. नदीत बुडी मारून सगळ्यांत जास्त वेळ खाली राहणारी पोर म्हणून ती ओळखली जायची. काठावरची मुलं आकडे मोजून दमत, पण हिचं डोकं काही वर येत नसे. पाणी म्हटलं की ओठ मिटायचे आणि श्वास कुलूपबंद करायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. आणि पाठीवर सिलिंडर बांधून उतरणाऱ्या माणसाला नेमकी हीच सवय जीवघेणी. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती छाती फाडते. वहिनीला हे सगळं समजत होतं. तरी मास्कमध्ये पाणी शिरून नाक भिजलं की श्वास आपोआप अडायचा आणि पाय वर धाव घ्यायचे.

मत्स्यालयात अकरा वर्षं ती फळीवर उभी राहून माशांना खाणं टाकत आली होती. आता साहेबांनी फर्मान काढलं होतं: खाणं घालणाऱ्याने मोठ्या टाकीत उतरून काचाही आतून पुसायच्या. सोमवारी मास्तर जोडीजोडीने पाण्यात उतरवून परीक्षा घेणार. पाण्याखाली, तोंडातल्या नळीने श्वास घेत, डोळ्या-नाकावरचा मास्क काढून परत लावता आला तर नोकरी, नाहीतर रामराम. नवऱ्याची कंबर धरल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं.

तिची जोडीदारीण म्हणजे तिची थोरली नणंद, त्याच मत्स्यालयात तिकिटं फाडणारी. खिडकीत बसून कंटाळा आला म्हणून वन्सं शिकायला आल्या आणि बघता बघता तरबेज झाल्या. नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात बघतात असं ऐकलं होतं, पण या दोघी खरंच उतरल्या की, असं म्हणून सगळे हसायचे. घरी राहायलाही दोघी एकत्रच.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना मास्तरांच्या पोहण्याच्या तलावाला तडा गेला आणि तो रिकामा करावा लागला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती अशी. दोघी पाणी शोधत फिरू लागल्या.

मत्स्यालयाची टाकी मागितली, तर माशांचे डॉक्टर म्हणाले की नवख्या माणसांची धडपड पाहून मासे खाणं सोडतात. सार्वजनिक तलावाच्या व्यवस्थापकाने सिलिंडरकडे बॉम्ब असावा तसं पाहिलं आणि त्याच्या फरश्या फुटतील म्हणाला. वन्संनी त्याला पटवायचा प्रयत्न केला, आमच्या वहिनी अकरा वर्षं माशांत वावरल्या, एका खवल्याला धक्का लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर नवी पाटी: सिलिंडर आणू नये. मग एका हॉटेलचा कंबरभर तलाव मिळाला. तिथे गुडघे टेकून बसलं की डोक्यावर जेमतेम वीतभर पाणी. वहिनीने दोनदा मास्क काढला आणि दोन्ही वेळा ताडकन उभी राहिली. तिसऱ्यांदा जमलं. श्वासाचे बुडबुडे एकसारखे वर जात राहिले. तिला देव पावल्यासारखं झालं. तेवढ्यात एका पाहुण्याने तळाशी दोन बायका बसल्यात म्हणून आरडाओरडा केला आणि दोघींना ओल्या अंगानेच बाहेर पडावं लागलं.

आता उरली होती पाणी भरलेली जुनी दगडाची खाण. मी बरोबर असल्याशिवाय खाणीत उतरायचं नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं. पण मास्तर दुसऱ्या विद्यार्थ्यांना घेऊन बोटीवर गेलेले, ते रविवारी परतणार होते. वन्सं नको म्हणत होत्या. वहिनी ऐकेना. कंबरभर पाण्यात जमलं ते खोल पाण्यात जमतं का, हे बघितल्याशिवाय तिचा जीव टांगणीला लागलेला.

शनिवारी दुपारी त्या उतरल्या. पाणी थंडगार आणि हिरवट. दोन माणसांच्या उंचीइतकं खोल गेल्यावर दगडाचा कट्टा लागला. त्यावर गुडघे टेकले, वन्संनी खूण केली, वहिनीने मास्क काढला.

थंड पाणी डोळ्यांवर आलं आणि हॉटेलातलं सगळं पुसून गेलं. ओठ मिटले. श्वास अडला. पाय वर निघाले.

पुढे काय झालं ते तिला नीट दिसलंही नाही. कोणीतरी तिचा पाय धरला. वन्संनी आपल्या तरंगायच्या जॅकेटमधली हवा सोडून दिली होती आणि धोंड्यासारख्या त्या तिला खाली ओढत होत्या. मग पोटात सणसणीत गुद्दा बसला आणि कोंडलेली हवा भसाभस बाहेर पडली. दोघी धपकन कट्ट्यावर आदळल्या. वन्संनी मास्क तिच्या डोळ्या-नाकावर दाबून धरला. मग दोघी हळूहळू, श्वास सोडत वर आल्या.

"नीट बसला ना गुद्दा?" काठाला लागल्यावर वन्सं म्हणाल्या. "फार वर्षांची हौस होती माझी."

वहिनी हसली आणि हसता हसता रडली.

घरी आल्यावर मात्र तिच्या लक्षात येऊ लागलं. जेवताना वहिनीच्या नवऱ्याने डाव्या बाजूने ताईला हाक मारली तेव्हा वन्संनी मान वर केली नाही. बोलताना त्या उजवा कान पुढे करत होत्या. खाली जाताना नाक चिमटीत धरून कानांतला दाब सोडावा लागतो, नाहीतर पडदा फाटतो, हे तर पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण खाणीत खाली ओढताना वन्संच्या एका हातात वहिनीचा पाय होता आणि दुसरा हात वहिनीच्या पोटावर. नाक धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

कानात पाणी गेलंय, निघेल, असं म्हणून वन्सं झोपायला गेल्या. रविवारी सकाळी त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे दोन ठिपके होते. उठल्या तर तोल जाऊन दाराला धरून उभ्या राहिल्या.

उद्या तुम्ही उतरायचं नाही, वहिनी म्हणाली. वन्संनी नकाराची मान हलवली. कान दाखवला की मास्तर विचारणार, कुठे झालं, कसं झालं. मग खाणीची गोष्ट निघणार, आणि वहिनीचं नाव कटणार.

"मला काय, खिडकी आहेच," वन्सं म्हणाल्या. "उद्याचा दिवस ढकलू. मग दाखवू कान."

खरं सांगायचं तर क्षणभर वहिनीला ते मान्य करावंसं वाटलं. एकच दिवस तर होता. तिने डोळे मिटले, देवाला हाक मारली, आणि डोळे उघडले तेव्हा समोर वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या, हसायचा प्रयत्न करत.

"वन्सं, तुम्ही आत्ता यांच्याबरोबर दवाखान्यात जा. मास्तरांना मी सांगते. खाणीत मीच नेलं, हेही."

वन्संनी उजवा कान तिच्याकडे केला.

"श्वास अडवला, हे सांगाल? तुमच्यासारख्या पोहणारणीला जड जाईल हो."

"सांगेन."

"शब्द?"

"शब्द."

नवऱ्याने शर्ट घातला, बहिणीचा हात धरला आणि दोघं रिक्षा बघायला निघाली. वहिनीने गॅस बंद आहे ना ते पाहिलं, दार हलकेच ओढून घेतलं. बोट अकराला धक्क्याला लागणार होती. ती पायीच निघाली.