भाईंच्या बावीतलं पान

"मथुरा, ह्यो विषय बदल," प्रयोगशाळेच्या दारातूनच भाई म्हणाले.

टेबलावर राखाडी मातीचा वाळून टणक झालेला गोळा होता. त्यावर पानाचा ठसा, शिरान् शीर उमटलेला. भाईंच्या काजूबागेत विहीर खणताना जांभ्याचे थर संपले आणि खालच्या मातीत तो सापडला. मथुराबाईंनी तो मागून आणला आणि स्नेहसंमेलनातल्या वादविवादाला विषय दिला: जीवाश्म उत्क्रांतीचा पुरावा ठरतात का?

"लोक हसतत माका. म्हणतत, भाईंच्या बावीत माकडाचो आजो गावलो."

"माकड खंय, पान आसा ता."

"आमच्या दशावतारात पयलो मासो, मगे कासव, मगे डुक्कर. आमका सगळा ठावक होता. मगे पुरावो कित्याक होयो?"

"देवाक पुरावो लागना नाय, भाई. शास्त्राक लागता."

शाळेला जागा भाईंनीच दिलेली. संस्थेचे अध्यक्षही तेच. जाताना म्हणाले, "जूनमधे हेडबाई होवचा आसा तुका. इचार कर."

"इचार केलंय. विषय बदलूचंय नाय."

मथुराबाई लग्न होऊन गावात आल्या तेव्हा शाळेत साधं भिंगही नव्हतं. लोणच्याच्या बरण्यांत गांडुळं ठेवून त्यांनी शिकवलं होतं. सून हेडबाई होणार म्हणून सासूने, काशीबाईंनी, अख्ख्या वाडीत सांगूनही टाकलं होतं.

वादविवादात नववीतली भक्ती विरोधी बाजूने उभी राहिली आणि सभा तिने खिशात घातली. "पान दगडात गेलं, तरी पानच राहिलं ना? एकाचं दुसरं होताना पाहिलं कोणी?" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाजूने बोलणारी दीपिका पाठ केलेलंच विसरली. परीक्षक मथुराबाईच. त्यांनी पहिलं बक्षीस भक्तीला दिलं.

भाई खुशीत माईकपाशी आले. "म्हणजे बाईंनाही पटलं तर!"

मथुराबाई उठल्या. "बक्षीस चांगल्या बोलण्याला आहे. उत्तर अजून द्यायचं आहे."

भाईंनी खूण केली. माईक बंद झाला. मग वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज बाईंनी लावला.

"भक्ती, एका पानाने काहीच सिद्ध होत नाही, हे तुझं बरोबर. पण जगभर माणसांनी थर खणून पाहिलेत. फार जुन्या थरांत मासेसुद्धा नाहीत. मग मासे येतात, त्यांच्या वर बेडकांसारखे, मग सरडे, पुष्कळ वर आपण. मधलेही सापडतात, सरड्याचे दात आणि पक्ष्याचे पंख दोन्ही असलेले. हा क्रम कुठेच उलटत नाही. माशांच्या आधीच्या थरात गाईचं एक हाड दाखवा, मी हा धडा शिकवायचं सोडेन!"

"बसा आता, बाई!" भाई ओरडले.

"झाल्यावर बसते."

पुरतं बोलूनच त्या बसल्या. या वेळी टाळी एकही पडली नाही.

जूनमध्ये मुख्याध्यापकाच्या खुर्चीत धनेश सर बसले, बाईंहून कितीतरी नवे. त्या संध्याकाळी काशीबाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"भाईंची माफी मागलंस तर?"

"मागूचंय नाय."

"त्या दिवशी बोललंस, ता खरा होता?"

"खरा होता."

"मगे जेव."

दुसऱ्या दिवशी दहावीचा तास होता, धडा उत्क्रांतीचा. बाईंनी फळ्यावर शीर्षक लिहिलं आणि वळल्या, तर भक्तीचा हात वर.

"बाई, त्या दिवशीचं मला अजून पटलेलं नाही."

बाईंनी खडू ठेवला, स्टूल ओढून भक्तीच्या बाकासमोर बसल्या.

"बरां. खंय पटना नाय, सांग."