पुरं वाक्य

चौथीच्या बाईंनी अर्ज टेबलावरून पुढं सरकवला आणि फायलींखाली दबलेला चष्मा काढून मोठ्या बाईंच्या हातात दिला. मोठ्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. मुलीचं नाव पटावरून कमी करावं, यापुढचं शिक्षण घरी होईल. खाली आईची सही, शेजारी वडिलांची.

"तू इथंच शिकवणार आणि स्वतःच्या पोरीला काढून घेणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या एखाद्या पालकानं विचारलं तर मी काय सांगू?"

"खरं असेल ते सांगा."

खरं ते असं होतं. मुलगी नऊ वर्षांची, तिसरीत. बोलताना तिचे शब्द अडकत. शाळा वाईट नव्हती. कुणी फारसं चिडवत नसे, उलट सगळे तिला सांभाळूनच घेत. तोंडी परीक्षा तिच्याकडून लिहून घेत. ती वाक्य सुरू करी आणि शेजारची ते पुरं करून टाकी. महिन्यापूर्वी तिसरीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून चौथीच्या बाई त्या वर्गावर गेल्या. हजेरी घेता घेता स्वतःच्या मुलीच्या नावापाशी आल्या. सगळा वर्ग खोळंबेल म्हणून त्यांनी नाव न घेताच हजेरी मांडली आणि पुढचं नाव पुकारलं. मग त्यांनी मान वर केली. मुलगी पेन्सिलीला टोक करत होती. तिला त्यात नवल वाटलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बाईंनी नवऱ्यापाशी विषय काढला. नवरा सुतार, घराला लागूनच त्याची कामाची खोली. बाईंचं सगळं सांगून होईपर्यंत तो रंध्याचं पातं पुसत राहिला.

"सकाळी माझ्याकडे बसव," तो म्हणाला. "संध्याकाळी तू आहेसच."

नणंदेनं फोनवर तासभर समजावलं. पोरीच्या हातात आता रंधा देणार का, असंही विचारून घेतलं. रंधा जड पडेल, आधी टेप देऊ, असं सुतारानं बहिणीला सांगितलं आणि फोन ठेवला.

दिवसाची घडी बसायला पंधरवडा गेला. नंतर गाडी रुळावर आली. सकाळी मुलगी भुशात मांडी घालून वाचायची, बाबांनी सांगितलेली मापं वहीत उतरवायची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे कळल्यावर शाळेत न उमगलेले अपूर्णांक तिनं चार दिवसांत पक्के केले. लांब फळी मोजताना टेपचं एक टोक सुताराकडे असे आणि दुसऱ्या टोकाला आकडा वाचायला ती. तेवीस म्हणायला तिला कधी कधी मिनिट लागे. सुतार कानावर पेन्सिल अडकवून उभा राही. अर्ध्या मापावर फळी कापली तर फळी वाया जाते, हे तो गिऱ्हाइकांनाही सांगत असे, त्यामुळे गिऱ्हाइकंही थांबत. तो तिला मिस्त्री म्हणू लागला. आपलं चुकलं नाही, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. शिक्षकांच्या खोलीत कुणी खोचक काही विचारलं, तर त्या मुलीची वहीच पुढं ठेवत.

पाच महिन्यांनी शिक्षण कार्यालयातून अधिकारी आल्या. घरी शिकणाऱ्या मुलांची प्रगती त्या तपासत. समाधान झालं नाही तर मूल पुन्हा शाळेत घालावं लागे. बाईंनी त्या दिवशी रजा टाकली होती. अधिकाऱ्यांनी मुलीला गणितं घातली, तिनं ती झपाट्यानं सोडवली. वाचायला उतारा दिला, तो तिनं अडखळत पण शेवटपर्यंत वाचला. दारात उभ्या सुतारानं बाईंकडे बघून भुवया उंचावल्या.

"शाळेची आठवण येते का?" अधिकाऱ्यांनी शेवटी विचारलं.

"ये…" मुलीनं सुरुवात केली.

"येते कधी कधी, मैत्रिणींची," बाई म्हणाल्या. "पण इथं ती छान रमलीय. तिच्या वेगानं चाललंय सगळं, त्यामुळे तिला आता…"

"आई." मुलीनं बाईंच्या मनगटावर हात ठेवला. "मा… माझं बोलून झालं नाही."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. बाईंचा चेहरा कानापर्यंत तापला. एवढ्या महिन्यांत संध्याकाळी शिकवण्याच्या दोन तासांत आपण किती वाक्यं अशी पुरी केली असतील, याचा त्यांना अंदाजही लागेना. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटं एकमेकांत घट्ट गुंतवली.

"येते," मुलगी म्हणाली. "रो… रोज येते."

बाई सुताराकडे बघू लागल्या. तो मुलीकडे बघत होता.

"मला प… प…"

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. 'परत' हा शब्द बाईंच्या ओठांशी येऊन थांबला होता. त्यांनी तो गिळला.

"परत जायचंय," मुलगी म्हणाली. "पण आत्ता नाही. क… कधी, ते मी सांगीन."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि बाईंकडे वळून विचारलं, यात आई म्हणून आणखी काही लिहायचंय का.

बाईंपाशी बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली तेवढंच लिहा."