तिसऱ्या बोअरचे ठोके

जुना पूल पाडायचा, नवा उभा करायचा, आणि रस्ता बंद ठेवायचा फक्त अडीच दिवस. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या थांबवायच्या, सोमवारी सकाळी सोडायच्या. लोकांना हे ऐकून जादू वाटते. जादूबिदू काही नसते. वरचा सगळा भाग कारखान्यात आधीच ओतून तयार असतो. क्रेन येते, उचलते, ठेवते. खरा वेळ खातो तो पाया. तो रस्ता चालू असतानाच, जुन्या पुलाच्या दोन्ही अंगांना, कुणाच्या खिजगणतीतही नसताना घालून ठेवावा लागतो. फोटो मात्र क्रेनचा छापून येतो.

हा पाया निवडण्याचं काम ऑफिसात जिच्याकडे होतं, तिला सगळे पायाताई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. शिपायापासून मुख्य साहेबांपर्यंत सगळे त्याच नावाने हाक मारत आणि तीही 'ओ' देई. सतरा वर्षांत तिने नऊ पुलांचे पाये निवडले होते. त्या नऊही ठिकाणी जमिनीत बोअर मारून खाली काय आहे ते लिहून देणारा माणूस एकच होता, तिचा सख्खा मोठा भाऊ. काम त्याला ठेकेदाराकडून मिळे, नात्याची नोंद ऑफिसात रीतसर केलेली होती, आणि कुणाची काही तक्रार नव्हती. दादाचं काम चोख, असं सगळेच म्हणत. सगळ्यांत जास्त तीच म्हणे.

दादाचं काम ऐकायला सोपं आहे. तिवई उभी करायची, नळी जमिनीत घालायची आणि ठरलेल्या वजनाचा घण ठरलेल्या उंचीवरून तिच्यावर सोडत राहायचा. नळी फूटभर आत जायला किती ठोके लागले ते दर दीड मीटरला लिहायचं. चिखलात चार ठोक्यांत काम होतं, खडकाला टेकली की पन्नास मारले तरी नळी हलायचं नाव घेत नाही. त्या आकड्यांच्या रांगेवरून, ऑफिसात बसलेल्या माणसाने, कधी न पाहिलेल्या जमिनीवर शेकडो टनांचा पूल ठेवायचा. म्हणजे सगळा मामला विश्वासाचा.

या पुलाला चार आधार होते, दोन काठांवर दोन आणि नदीत दोन. चार आधारांना चार बोअर. पायाताईचा विचार जवळजवळ पक्का झाला होता. पाच मीटरवर घट्ट थर लागतो, तेव्हा तिथवर खणायचं, कारखान्यातून आणलेले काँक्रीटचे ठोकळे बसवायचे, ठोकळ्यांवर तयार खांब, खांबांवर तयार तुळई. काम झटपट, खर्च बेताचा. पण यात एक मेख असते. जागेवर ओतलेला खांब हातभर वाढवता येतो, कारखान्यातून आलेला वाढत नाही. कागदावर पाच मीटरला असलेला थर प्रत्यक्षात सातला निघाला, तर खांब आखूड पडतात आणि वेळापत्रकाचा बोऱ्या वाजतो. त्याहून वाईट म्हणजे थर वरवरचाच असला आणि खाली पुन्हा गाळ असला, तर पूल उभा राहतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि मग तो सावकाश एका बाजूने बसायला लागतो.

बुधवारी दुपारी जेवणानंतर ती चारही बोअरचे तक्ते शेजारी शेजारी मांडून बसली. दुसऱ्या बोअरचे ठोके होते चार, सात, अकरा, एकोणीस, चौतीस, बावन्न. तिसऱ्याचे पाच, आठ, बारा, वीस, पस्तीस, त्रेपन्न. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वा, जमीन किती सारखी आहे! पायाताईने तिसऱ्याच्या प्रत्येक आकड्यातून दुसऱ्याचा वजा करून पाहिला, दर वेळी एकच उरला.

कारण दादा शाळेत दोनदा नापास होऊन तिच्याच वर्गात येऊन बसला होता. गणितं तो तिच्या वहीतून उतरवी. पण डोकं असं, की हुबेहूब उतरवलं तर पकडले जाऊ म्हणून प्रत्येक उत्तरात एक वाढवून लिही. तिचं बारा, तर त्याचं तेरा. तिची सगळी बरोबर, त्याची सगळी चूक, आणि वर्गातल्या बाई हैराण, की हा मुलगा दर वेळी एकानेच कसा चुकतो. तिने बाईंना कधी सांगितलं नाही, आईला तर नाहीच नाही.

तिसरा बोअर मारलाच नव्हता. तो नदीतला पलीकडचा आधार, सगळी चिखलाची जागा. तिथे यंत्र न्यायचं तर तराफा बांधावा लागतो आणि चार दिवस त्यातच जातात. दादाने ते चार दिवस वाचवले होते, टेबलाशी बसून.

सांगावं, तर दादाचा परवाना जाणार हे उघड होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परवाना गेलेल्या बोअरवाल्याने पुढे करायचं काय? न सांगावं, तर तिच्या सहीच्या पायाखाली कुणीही न पाहिलेली जमीन. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने फोन उचलला, दादाचा नंबर काढला, आणि पुन्हा ठेवून दिला. मग तिला जे सगळ्यात चांगलं येत होतं तेच ती करायला लागली. पाया निवडायला.

तिसऱ्या आधाराला ठोकळे नकोतच. तिथे पाइल घालायच्या. पोलादी नळ्या घणाने ठोकत न्यायच्या, जिथे हटून बसतील तिथे थांबायचं, वर उरलेला तुकडा कापायचा, आणि भोकं ठेवलेली तयार टोपी त्यांच्या डोक्यावर बसवायची. पाइलला बोअरच्या कागदाची फारशी पर्वा नसते. जमीन कशी आहे हे ठोकतानाच कळत जातं. खडक नऊ मीटरवर असो की एकोणीसवर, टोपी त्याच उंचीवर येते, वरचे खांब आखूड पडत नाहीत. पूल सुरक्षित, अडीच दिवस सुरक्षित, दादाही सुरक्षित. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाजही वाटली, पण हायसं जास्त वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. मुख्य साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं.

"तीन आधारांना ठोकळे आणि एकालाच पाइल? असं का हो, पायाताई?"

"नदी तिथे वळते, साहेब. वळणावरचा गाळ आज इथे तर उद्या तिथे. एका बोअरच्या भरवशावर मी तिथे ठोकळा ठेवणार नाही."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त एक खरं गाळलेलं होतं.

दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेकेदाराशेजारी बसला होता. त्याने मुकाट्याने बसावं की नाही? पण चोर तो चोर, वर शिरजोर.

"म्हणजे माझ्या बोअरवर विश्वास नाही का?" तो म्हणाला. "पाचवर थर आहे, नऊवर खडक आहे. लिहून दिलंय मी."

"विश्वास आहे," पायाताई त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"मग पाइलचं लचांड कशाला?"

"बहीण-भावांनी घरी काय ते मिटवा बुवा," ठेकेदार म्हणाला आणि सगळे हसले. साहेबही हसले.

"पाइलच घाला," ते म्हणाले. "पायाताई उगीच काही सांगत नाहीत."

हे शेवटचं वाक्य तिला दादाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दादाने त्या दिवसापासून बोलणं टाकलं. तिसऱ्या आठवड्यात वहिनीचा फोन आला.

"वन्सं, यांचं काय बिनसलंय? तुम्ही म्हणे यांना चारचौघांत खोटं पाडलंत."

"मी काहीच बोलले नाही, वहिनी."

"तेच ना! हे म्हणतात, काही बोलली असती तर परवडलं असतं."

पायाताईने भाचीच्या परीक्षेची चौकशी केली आणि फोन ठेवला.

तीन महिन्यांनी पाइल ठोकायला सुरुवात झाली. जुन्या पुलावरून गाड्या धडधडत होत्या, खाली तराफ्यावर यंत्र उभं होतं आणि घण पडत होता. पायाताई हेल्मेट घालून काठावर उभी राहिली. तिने नळ्या पंचवीस मीटरपर्यंत पुरतील एवढ्या मागवून ठेवल्या होत्या. पहिली पाइल सव्वानऊ मीटरवर अडली. घण पडतोय, पाइल जागची हलत नाही. दुसरी नऊवर अडली. दुपारपर्यंत चारही अडल्या, सगळ्या नऊ आणि साडेनऊच्या दरम्यान.

ही बातमी दादाला कुणी सांगितली देव जाणे, पण अर्ध्या तासात त्याची मोटारसायकल काठावर हजर.

"बघ!" तीन महिन्यांत तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "मी काय लिहिलं होतं? नऊवर खडक! साहेबांना सांग म्हणावं, उगीच पाइलीत पैसा घातला."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली होती, आणि कावळा आता छाती काढून सगळ्या रानात सांगत सुटला होता. मुकादमाने तर दादाशी हात मिळवला. पायाताईला वाटलं, खडक वीस मीटरवर निघाला असता तर बरं झालं असतं. मग दादा घाबरला असता. आता तो पुढच्या पुलालाही तराफा बांधणार नव्हता.

"दादा, जरा आत ये," ती म्हणाली.

साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. तिने दार लावून घेतलं.

"तिसरा बोअर तू मारलाच नाहीस."

"कोण म्हणतं?"

"दुसऱ्या बोअरचे आकडे एकेकाने वाढवून लिहिलेस. शाळेत लिहायचास तसे."

दादा हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. तो खुर्चीत बसला.

"कधी कळलं तुला?"

"तक्ता हातात आला त्याच दुपारी."

"आणि बोलली नाहीस." त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला. "म्हणजे पाइल तू माझ्यासाठी... आणि मी खुळ्यासारखा तीन महिने तोंड फुगवून बसलो. छोटे, तू ना..." त्याचे डोळे भरून आले. ते खरंच भरून आले होते, आणि पायाताईला वाटलं, इथेच थांबावं, चहा सांगावा, घरी जावं.

"पण निघाला ना खडक?" दादा डोळे पुसत म्हणाला. "इतकी वर्षं जमीन बघतोय मी. अंदाज येतो."

"आधीच्या नऊ पुलांत असे अंदाज किती?"

तो चिडला असता तर तिला आवडलं असतं. ओरडला असता, माझ्यावर एवढा अविश्वास म्हणून उठून गेला असता, तर ती मागे धावली असती, माफी मागितली असती. दादा उठला नाही. तो पत्र्याकडे बघत, एकेका पुलाचं नाव पुटपुटत बोटांवर मोजायला लागला.

"तीन," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "दगडखाणीजवळचा धरला तर चार."

चारही पूल तिला पाठ होते. चारही ठिकाणी तिने ठोकळे बसवले होते, पाइल एकाही ठिकाणी नव्हती. दादा लिहून देतो ते खरं, म्हणून. त्या चारही पुलांवरून या घटकेला ट्रक जात असणार, शाळेच्या बस जात असणार.

तिने टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला.

"साहेबांना पत्र द्यायचं. आजच. कुठला पूल, कुठला आधार, कुठला बोअर, सगळं सांग. तिथे पुन्हा बोअर मारून बघावं लागेल. तोवर जड गाड्या बंद."

"परवाना जाईल माझा."

"जाईल."

"तुझ्या वहिनीला तूच सांग मग."

"सांगते."

बाहेर घण थांबला होता. कामगार पाइलींचे वरचे तुकडे कापत होते, त्याचा कर्कश आवाज केबिनभर भरला.

"बरं, लिही," दादा म्हणाला. "पण पहिला हाच पूल घे. आणि त्यात सगळ्यात वर लिही, की तुला तीन महिन्यांपासून माहीत होतं."

त्याच्या आवाजात खुन्नस नव्हती. बोअरची नोंद सांगतानाही तो असाच सांगत असे, आधी वरचा थर, मग खालचा. पायाताई पेन हातात धरून थांबली. हे एक वाक्य वगळलं, तर पत्र फक्त दादाचं होणार होतं. साहेब म्हणणार होते, पायाताईंनीच शोधून काढलं, सख्ख्या भावालाही सोडलं नाही. सगळं खरंच असणार होतं. त्या बैठकीतही सगळं खरंच होतं.

तिने वर तारीख घातली. तिच्याखाली, तिला बुधवारच्या त्या दुपारपासून काय माहीत होतं आणि बैठकीत तिने काय सांगितलं नाही, ते दोन ओळींत लिहिलं. मग नवीन ओळीवर यादीचा पहिला आकडा घातला आणि मान वर न करता म्हणाली, "हं, पुढे."

दादा सांगू लागला.