गाठीचं पातं

अगं थांबा, आधी ऐका! आणि माझा फोन मध्ये टेबलावर ठेवा, वाजला की सगळे गप्प. ताई आत्ता मैदानावर आहे. शेवटची निवड चाललीय, पुढच्या वर्षी वयात बसत नाही ती. आणि तिच्या हातात जे धनुष्य आहे ना, ते मी केलंय. केलंय कसलं, वाट लावलीय!

काल सरावात तिचं स्वतःचं चिरलं. टोकापासून पार मुठीपर्यंत. बाबा धनुष्यं बनवतात त्या शेडमध्ये दुसरं एकच होतं, तेही अर्धवट, आणि बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मग काय, आज सकाळी बाबा म्हणाले, "चिमणे, तू बस. मी सांगतो तसं कर." नेमकं तेव्हाच कोणीतरी गिऱ्हाईक आलं नि ते बाहेर गेले.

तसं काम सरळ असतं. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला मुठीपाशी अडकवायचं, दोरी खाली ओढायची आणि लांबून बघायचं, दोन्ही पाती, म्हणजे मुठीच्या वरचा नि खालचा भाग, कशी वाकतात ते. जे ताठ राहतं ते आतल्या अंगाने, म्हणजे दोरीच्या बाजूने, धारदार पत्तीने खरवडायचं. वरचं किंचित नरम, खालचं किंचित ताठ. बस्स.

मला दिसलं, वरचं ताठ आहे. मारली पेन्सिलने फुली. कुठे मारली? आतल्याच अंगाला! जिथे खरवडायचं तिथेच! दोनचार हात मारले नि फुली गेली भुशात. बाबा खूण नेहमी पाठीवर, बाहेरच्या अंगाला करतात, पाठीला पत्ती लागतच नाही. मी मध्येच उठून पत्तीला धार लावली, परत आले, धनुष्य फिरवून धरलं आणि खरवडत सुटले. खालचं पातं! घाई एवढी, की मध्ये एकदाही खुंटीला लावून बघितलं नाही.

बाबा आत आले, दोरी ओढून बघितली. ओरडले असते तर बरं झालं असतं गं.

"हे कोपरासारखं काय वाकलंय?"

तेवढ्यात ताई बॅग घेऊन दारात. "झालं का? बस येईल आता."

मी तशीच भुशात बसकण मारली. खालचं पातं नरम, वरचं ताठ, सगळं उलटं... आणि मी एकदम म्हणाले, "बाबा, उलटंच धरलं तर? खालचं वर?"

"त्या पात्यात लाकडाची गाठ आहे. मी मुद्दाम खाली ठेवली होती, कमी वाकावं म्हणून. वर गेली आणि..." बाबा ताईकडे बघून थांबले.

"तुटलं तर माझ्या हातात तुटेल ना?" ताई म्हणाली. "चिमणे, रडणं नंतर. उचल पत्ती."

मग दुसरं, आता खाली आलेलं ताठ पातं खरवडून नरम करायला घेतलं. बाबांचा डावा हात माझ्या मनगटावर. "हळू. लाकूड आहे, बटाटा नाही." प्रत्येक हाताबरोबर धनुष्य आणखी हलकं होत होतं, म्हणजे ताईच्या बाणांचा जोरच मी सोलून काढत होते. दोन्ही पाती जुळली तोवर बाहेर बसचा हॉर्न वाजायला लागला.

ताईने दोरी पार गालापर्यंत ओढली. मी गाठीकडे बघत होते. बाबांनी डोळेच मिटले होते.

टिकलं.

"फार हलकं झालंय," बाबा म्हणाले. "बाण खाली जातील."

"मग नेम वर धरीन." आणि पळाली!

तेव्हापासून मी नुसती या फोनकडे बघतेय, अजून काही... वाजला! वाजला! मी नाही उचलत, तू उचल. नाही, दे इकडे. ताई? ताई, गाठ?

"गाठ गप्प आहे, बये. पहिले सगळे बाण गवतात गेले. मग नेम वर धरला. पहिल्या फेरीतून निघालेय कशीबशी. अजून एक आहे. बाबांना विचार ना पटकन, तासभर विश्रांती आहे, दोरी उतरवून धनुष्यालाही आराम देऊ की राहू दे?"