मुरलेलीची शिकवणी

"चित्रं बघून पाठ करू नकोस गं. हाड हातात घे, अंगाला लावून बघ. नाहीतर आपटशील," मुरलेलीने सांगितलं होतं.

शरीररचनेच्या पेपरात ती इतक्यांदा आपटली होती की फिजिओथेरपीच्या वर्गाने तिचं नावच मुरलेली ठेवलं होतं. यंदा शेवटची संधी. हुकली की कॉलेजातून नाव कमी. आणि अशा बाईने पास व्हायच्या युक्त्या सांगायच्या! त्याच वर्गात तान्ही पोर सांभाळत शिकणाऱ्या छकुलीच्या आईला हसू आवरेना. तिची स्वतःची पद्धत होती. रंगीत पेनं, न्हाणीघरापर्यंत डकवलेले तक्ते, अंगाईच्या चालीवर हाडांची नावं. छकुली झोपायची आणि आई स्वतःवर खूश व्हायची.

सराव परीक्षेत सरांनी खांद्याचं हाड पुढे सरकवलं.

"कुठल्या बाजूचं?"

"उजव्या!" पुस्तकात उजवंच छापलेलं, तिने हातातलंही तसंच फिरवून धरलं होतं.

"लावा बरं स्वतःच्या खांद्याला."

लावलं, तर पाठीवर यायला हवा तो कंगोरा आत बरगड्यांवर रुतला.

"बाई, तुमची पाठ पोटात गेलीय का?"

वर्ग खिदळला. संध्याकाळी ती पोरीला काखोटीला मारून वसतिगृहावर मुरलेलीच्या खोलीत गेली. मुरलेलीने टोमणा मारला नाही.

"आण इकडे तिला." तिने छकुलीला पालथं घातलं. "हात वर कर तिचा. सरकलं बघ हाड! आता डोळे मीट आणि या पिशवीतलं हाड चाचपून सांग, डावं की उजवं."

हळूहळू सगळा वर्गच त्या खोलीत लोटला. तिच्याच कॉटवर बसायचं, तिचाच चहा ढोसायचा आणि तिचीच टिंगल करायची. "नापासाची शिकवणी आहे, पण फुकट आहे ना!" इति वर्गातला पहिला नंबर.

"तुला एवढं येतं, मग अडतं कुठे?" छकुलीच्या आईने विचारलं.

"परीक्षकाने भुवई उचलली की जीभ टाळ्याला चिकटते. मागे तुम्ही हसताय असंच वाटत राहतं."

निकाल लागला. सगळे पास. मुरलेली सोडून.

फोटो काढताना पहिला नंबर म्हणाला, "तिला काय, सवय आहे." पुन्हा खीखी. ज्यांना स्वतःचा खांदा धड सापडत नव्हता, त्यांची ही अक्कल!

छकुलीची आई खोलीवर गेली. दार बंद. आतून आवाज आला, "झोपलेय गं. नंतर ये." पोर किरकिरत होती, ती फिरली. दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर, फक्त आवाज आणखी बारीक. मग छकुली तापाने फणफणली आणि ती घरात अडकली. फोन मुरलेली उचलत नाही. वर्गातल्या एकेकाला विनवून झालं; "बघतो," म्हणतात आणि सुट्टीचे बेत सांगत बसतात.

त्या दीडशहाण्यांचा नाद तिने सोडलाय. तिचं सांगणं आता तुम्हाला आहे. कॉलेजच्या मागेच वसतिगृह आहे. दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. आतून "झोपलेय" असं ऐकू आलं, तरी मागे फिरू नका. ती दार उघडेपर्यंत तिथेच थांबा.