धुक्यातला फोन

ओल्या वर्तमानपत्रावर बुटांची जोडी: हा मिलानचा रस्ता.

हातमोज्यांची फडफड: हे कबूतर.

अकरा, बारा, तेरा. आवाज नंतर भरायचा म्हणून आमचे नट कॅमेऱ्यासमोर संवादाऐवजी आकडेच म्हणतात.

आमचा म्हातारा नट ओत्तोरीनो पेलिझा फेब्रुवारीत वारला. सिनेमा अजून मुकाच होता.

रोमच्या त्या स्टुडिओत पावलांचे, दारांचे, पिस्तुलांचे आवाज मी करायचे. पडद्यावर ओत्तोरीनो, म्हाताऱ्या गुंडाच्या भूमिकेत, धुक्यातल्या काचेच्या फोनखोलीत एकटा. साऱ्या सिनेमात त्याचा चेहरा जवळून दिसतो तो एवढाच. त्याला आवाज देणारा आमेदेओ सहाव्यांदा गुरगुरला, "एकालाही सोडणार नाही!"

वाक्य संपलं. ओठ हलतच राहिले.

"आकडेपण नाहीत हे," आमेदेओ वैतागला. "काय बडबडलाय हा बाबा!"

"जेवणाआधी जुळलं नाही तर कापतो तो तुकडा," दिग्दर्शक ग्वाल्तिएरो म्हणाला.

मी ओत्तोरीनोच्या बायकोला फोन केला. एर्सिलियाबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. एप्रनवरच आल्या. एकदा पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग डोळे पुसत हसल्या.

"अहो, 'पास्ता टाक, निघालोच' म्हणतोय. काम संपलं की रोज फोन करून हेच. मी पाणी उकळत ठेवायचं, फोन आला की टाकायचा. जरा गार लागला तर ताट सरकवायचा मेला!"

"बाई, चार खून केलेत याने सिनेमात!" ग्वाल्तिएरो म्हणाला.

"मग त्याला भूक लागत नाही?"

आमेदेओने ते वाक्य हळूच म्हटलं. ओठ जुळले. सिनेमातल्या त्या गुंडाच्या घरी कुणीच नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पुढची पावलं वाजवायची मी विसरले.

ग्वाल्तिएरोने कात्री खिशात घातली.

एर्सिलियाबाईंनी आमेदेओचे दोन्ही हात धरले. "तुझा आवाज त्याच्यासारखा नाही रे. पण ओठांवर बरोब्बर बसला. देव तुझं भलं करो." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुझंही, पोरी. बोलावलंस म्हणून दिसला."

आभार त्या मानत होत्या, आणि मान खाली आमची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. निघताना आमेदेओने स्टुडिओतून नंबर फिरवला.

"पास्ता टाका, बाई. निघालोच."

ओत्तोरीनो ज्यावर बोलला, चित्रीकरणातल्या त्या फोनला तार जोडलेली नव्हती.